सत्तेचाळीस मिनिटांचं सभासदत्व

हर्षला लंजेच्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते, दाढेत दिलेलं इंजेक्शन नुकतंच चढायला लागलं होतं, आणि दातांचे डॉक्टर रहांगडाले तिच्यावर वाकून विचारत होते, "मॅडम, तुम्ही आतल्या की बाहेरच्या?"

"ऊंऽ," हर्षला म्हणाली.

"बाहेरच राहायला पाहिजे, बरोबर आहे तुमचं." डॉक्टरांनी समाधानानं मान हलवली आणि ड्रिल चालू केलं.

सकाळपासूनची ही चौथी वेळ होती. भाजीवालीनं विचारलं होतं, गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या जोडप्यानंही पत्रिका हातात द्यायच्या आधी तेच विचारलं होतं. झाडी मंडळाच्या भार नियंत्रण कक्षाची ती प्रमुख. मंडळातल्या चार तालुक्यांची वीज तिच्या टेबलावरून चालायची. तेव्हा आत जावं की बाहेर राहावं हे तिला नाही कळणार तर कोणाला, असं सगळ्यांना वाटे. तिला कळत होतंही. पण ते एका शब्दात सांगता येत नव्हतं, आणि दोन वाक्यं ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

वैनगंगेच्या पूर्वेकडचा हा झाडीचा मुलूख सहा वर्षांपूर्वी राष्ट्रीय वीज महासंघातून बाहेर पडला होता. कारण साधं होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशभर विजेची ओरड झाली, तेव्हा महासंघानं शहरं चालू ठेवली आणि झाडी सलग अकरा दिवस बंद ठेवली. औष्णिक केंद्रांची राख झाडीतल्या तलावांवर पडत होती आणि त्याच तलावांच्या काठची माणसं अंधारात उकडत होती. ते अकरा दिवस कोणी विसरलं नव्हतं.

पण नुसत्या रागानं बाहेर पडता येत नाही. त्यासाठी एक यंत्र निघावं लागलं.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा लाटेसारखी खालीवर होते. एका जाळ्यात जोडलेली देशातली सगळी जनित्रं याच ठेक्यावर एकत्र फिरतात, खळ्यात मळणीला एका दोरात जुंपलेल्या बैलांसारखी. शंभर बैलांत एक अडखळला तर बाकीचे त्याला ओढून नेतात, कोणाला पत्ताही लागत नाही. दोनच बैल असले आणि एक अडखळला, तर दुसरा गुडघ्यावर येतो. म्हणून छोट्या प्रदेशाला स्वतःची वेगळी वीज चालवणं आजवर झेपत नव्हतं. सौर पत्रे कितीही लावा, ठेका धरणारं जडसं चाक त्यांच्यात नसतंच.

मग 'तालधर' आला. गोदामाएवढी सोडियमची बॅटरी आणि तिच्या तोंडाशी असं इलेक्ट्रॉनिक यंत्र, जे कोणाच्या मागे न चालता स्वतःच पन्नासचा ठेका धरतं. कुठे भार वाढला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते वीज सोडतं, कमी झाला की गिळतं. देशभरातल्या एकोणीस प्रदेशांनी तालधर बसवले आणि ते महासंघातून सुटले. झाडीनं तीन बसवले. विजेपाठोपाठ मंडळ आलं, मंडळापाठोपाठ स्वतःचे पाण्याचे नि खाणींचे कायदे, झेंडा, गीत आणि अध्यक्ष आले. अध्यक्ष हेमराज लंजे. हर्षलाचा सख्खा मोठा भाऊ.

आता कायद्यानं ठरलेली सहा वर्षं संपत होती, आणि महासंघात परत जायचं की कायमचं बाहेर राहायचं याचं सार्वमत चार दिवसांवर आलं होतं.

अर्धा चेहरा बधिर असताना हर्षला नियंत्रण कक्षात पोचली, तर हेमराज तिच्याच खुर्चीत बसलेला.

"काय करून राहिली तू? फोन उचलत नाहीस," तो म्हणाला. "हे घे. वाचून दाखव, आमची पोरगी व्हिडिओ काढते. एक मिनिटाचं काम आहे."

कागदावर लिहिलं होतं : *आमची वीज पूर्ण सक्षम आहे. आम्हाला कोणाची गरज नाही.*

"भाऊ, हे खोटं आहे."

"काय खोटं आहे? सहा वर्षांत एकदा तरी अंधार झाला?"

"नाही झाला. पण तिन्ही तालधर आता जुने झाले. हंगामात सगळ्या राईस मिली एकदम चालू होतात, तेव्हा ठेका किती खाली जातो ते तुला दर महिन्याला लिहून पाठवते मी. वाचतोस का?"

"मग तू त्यांच्या बाजूची आहेस म्हण ना सरळ."

हर्षलानं डोळे मिटले. आठ महिन्यांपूर्वी तिनं अठरा पानांचं टिपण केलं होतं. मोहझरीच्या सीमा-उपकेंद्रात महासंघाची जुनी तार अजून उभी आहे. तिला जोडणारा ब्रेकर तेवढा उघडा, म्हणजे तोडलेला आहे. संकट आलं की तो जोडायचा, निभावलं की तोडायचा. कारभार आपला, अडचणीला सोबत त्यांची, आणि त्यांच्या अडचणीला आपली. तंत्राच्या दृष्टीनं यात काही अवघड नव्हतं. मंडळाच्या समितीनं टिपण परत पाठवलं : मतपत्रिकेवर दोनच चौकोन आहेत. महासंघाचंही उत्तर आलं : तात्पुरत्या सभासदत्वाची तरतूद नाही. दोन्ही उत्तरांची भाषा इतकी सारखी होती, की एकाच कारकुनानं लिहिली असावीत असं तिला वाटलं होतं.

"मी कोणाच्याच बाजूची नाही," ती म्हणाली. बधिर ओठांमुळे शब्द फेंगडे आले. "उठ माझ्या खुर्चीतून."

हेमराज उठला. दारात थांबून म्हणाला, "बाबांना सांगतो मी, तुमची मुलगी काय म्हणते ते."

"सांग. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन तपासलंस का, तेही सांग."

त्यांचे वडील मारोतराव चाळीस वर्षं राईस मिलच्या कोंड्यात काम करून फुप्फुसं घालवून बसले होते. चोवीस तास नाकाला नळी. मशीनची बॅटरी दीड तासाची. मंडळात अशी त्रेसष्ट घरं होती आणि हर्षलाच्या कक्षात भिंतीवर त्यांची यादी लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी पळसगावजवळ तणसीनं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं भरलेला एक ट्रक पुलावरून वळला. तणीस इतकी उंच भरलेली, की वरची मोठी तार तिच्यात अडकली, ताणली आणि तुटली. जाळ झाला. चालक उडी मारून वाचला. पण पळसगावच्या तालधरनं तो धक्का घेतला, स्वतःला वाचवण्यासाठी कुलूप लावलं आणि तो गप्प बसला.

तीनांपैकी एक बैल खाली बसला.

पडद्यावरचा आकडा पन्नासवरून घसरला. एकोणपन्नास पूर्णांक सहा, चार, एक. गावागावांना वीज नेणाऱ्या तारांपैकी आपोआप तुटायचे ते चार फीडर तुटले. आकडा एकोणपन्नासवर येऊन लटकला. उरलेल्या दोन तालधरांवर तिघांचं ओझं आलं होतं. त्यातल्या एकाचं तापमान एकाहत्तर अंश. पंच्याऐंशीला तोही स्वतःला बंद करणार, आणि मग तिसऱ्याचा निभाव लागणार नाही. चारही तालुके अंधारात जातील. एकदा सगळं गेलं की एकेक तालधर जागा करून पुन्हा उभं राहायला नऊ तास. हर्षलानं भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. दीड तास. नऊ तास.

तापमानाचा वेग बघून तिनं हिशेब केला : बारा मिनिटं.

तिनं हेमराजला फोन लावला. स्वीय सहायकानं उचलला. "मॅडम, साहेब भाषण करून राहिले."

"स्टेजवर जा आणि द्या त्याला."

मागून टाळ्या, शिट्ट्या, मग हेमराजचा दबका आवाज. "काय गं? इथला लाऊडस्पीकर गेला! सभेचा फीडर तोडला का तू?"

"आपोआप तुटला. भाऊ, ऐक. पळसगाव गेलं. बारा मिनिटांत सगळं जाईल. मोहझरीचा ब्रेकर जोडायला तुझी परवानगी लागते. दे."



"हर्षे, मतदान तीन दिवसांवर आहे. आज जोडलं तर ते उद्या देशभर बोंबलतील, झाडी परत आली म्हणून. सहा वर्षं पाण्यात जातील. थांब, मी समिती बोलावतो. व्हिडिओवर घेतो सगळ्यांना. अर्ध्या तासात —"

"बारा मिनिटं म्हणाले मी."

"मग राईस मिली तोड ना!"

"त्या पहिल्याच तुटल्या, भाऊ!"

तिनं फोन ठेवला आणि नागपूरला लावला. महासंघाच्या नियंत्रण केंद्रात त्रिवेणी बिसेन बसायची. दोघी इंजिनिअरिंगला एकाच बाकावर होत्या.

"त्रिवेणी, मोहझरीतून मला आत घे. तासाभरासाठी."

"दिसतंय मला तुझं काय चाललंय ते," त्रिवेणी म्हणाली. "पण हर्षला, अध्यक्षांच्या सहीचा नमुना चौदा लागतो. त्याशिवाय मी तुला घेऊ शकत नाही."

"नमुना चौदा मी आता कुठून आणू? माझ्याकडे माणसं आहेत ऑक्सिजनवर!"

"माहीत आहे गं बाई, माहीत आहे."

तापमान चौऱ्याहत्तर. मग त्रिवेणी अगदी सावकाश, जणू पलीकडे कोणी ऐकत असावं अशा आवाजात बोलली. "ब्रेकर तुझ्या हद्दीत आहे. माझ्या नाही. मी फक्त माझी वारंवारता तुला वाचून दाखवू शकते. वाचायला नमुना लागत नाही. एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

हर्षलानं तो फोन स्पीकरवर टाकला आणि दुसऱ्या फोनवर मोहझरी घेतलं.

मोहझरीला उद्धव मेश्राम होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सहा वर्षं त्यांची नोकरी एकच : उघडा ब्रेकर उघडाच राहतो की नाही हे बघायचं. आवारात त्यांनी मेथीचे वाफे केले होते.

"मेश्राम, ब्रेकर जोडायचा आहे. कायद्याचं कुलूप आहे म्हणून इथून होत नाही. हातानं जोडावा लागेल."

"हो जी, मॅडम. मले लेखी द्या."

हर्षलाला हसू की रडू कळेना. "मेश्राम, तुमच्या वहीत लिहा. हर्षला लंजे यांनी तोंडी आदेश दिला, दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. सगळं माझ्या नावावर."

"लिवलं जी," मेश्राम म्हणाले. खरंच लिहिण्याइतका वेळ त्यांनी घेतला होता. "काटा उलटा फिरून राहिला, मॅडम. लई जोरात."

दोन जाळ्यांच्या ठेक्यांतला फरक दाखवणारा तो काटा फिरणारच होता. वेगळ्या ठेक्यावर चालणारी दोन जाळी तशीच जोडली, तर दोन्हींकडची यंत्रं एकमेकांना असा हिसका देतात की जनित्रांचे दांडे पिळवटतात आणि तालधर जळतात. आधी ठेका जुळवावा लागतो. मंडळ एकोणपन्नासवर होतं, महासंघ पन्नासच्या जवळ. वर चढायचं तर ओझं आणखी कमी करायला हवं होतं. म्हणजे आणखी एक फीडर तोडायचा.

क्रमवारीत पुढचा होता फीडर सात. लाखनवाडा.

लाखनवाड्यात तिच्या वडिलांचं घर होतं. तिथे बाबा होते, त्यांच्याजवळ वहिनी होती. त्यानंतरच्या फीडर आठवर एक शीतगृह आणि शाळा होती, कोणाच्याही नाकाला नळी नव्हती. पण आठवर भार फारच कमी. तो तोडून काटा जेमतेम हलला असता, आणि मग सात तोडावाच लागला असता. तिनं हे तीनदा तपासलं. तीनदा तपासायला वेळ नव्हता, तरी तपासलं.

तिनं फीडर सात तोडला.

आकडा चढला. "एकोणपन्नास सत्त्याण्णव," त्रिवेणी वाचत होती. "अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

"मेश्राम, काटा?"

"थांबल्यावानी झाला जी. आता सुलटा फिरते. हळूहळू."

"काटा घड्याळातल्या बाराच्या जागी यायच्या जरासा आधी जोडा. घाई नको."

"दहा... अकरा..." मेश्राम स्वतःशीच पुटपुटले. मग धाडकन आवाज.

पडद्यावरचा आकडा एकदा थरथरला आणि स्थिर झाला. तापमान त्र्याऐंशीवर थांबलं, मग ब्याऐंशी झालं. शंभर बैलांनी दोर ओढायला घेतला होता. तापमान पुरेसं उतरल्यावर हर्षलानं एकेक फीडर परत जोडायला सुरुवात केली, पहिला सात. तो सोळा मिनिटं बंद होता.

त्रेसष्टपैकी एकच गडबड झाली. मुरमाडीच्या सीताबाई उईके यांची बॅटरी जुनी होती, ती अकरा मिनिटांत संपली. त्यांच्या सुनेनं त्यांना ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात नेलं. वाचल्या.

पळसगावचा तालधर तासाभरात पुन्हा उभा राहिला. तीन वाजून अडतीस मिनिटांनी हर्षलानं मेश्रामांना ब्रेकर उघडायला सांगितलं.

"आता कशाला तोडता जी?" मेश्राम वैतागून म्हणाले. "चांगलं चालून राहिलं."

"कारण लोकांनी अजून मत दिलेलं नाही, मेश्राम."

झाडी मंडळ सत्तेचाळीस मिनिटं महासंघात होतं.

मग सुरू झाला तो तमाशा. महासंघाच्या बाजूच्यांनी संध्याकाळपर्यंत फलक लावले : झाडी परत आली, सत्तेचाळीस मिनिटांत सत्य कळलं. बाहेरच्यांनी तिच्या घरासमोर घोषणा दिल्या : फितूर. महासंघाच्या बाजूचेही तिच्यावर चिडले होतेच, कारण तिनं ब्रेकर परत उघडला. मंडळानं तिला निलंबित केलं. तिकडे त्रिवेणीला खुलाशाची नोटीस आली. एक सभासद आत कसा आला, याबद्दल नोटिशीत चकार शब्द नव्हता. तो नमुना पंधरा न भरता बाहेर कसा गेला, एवढंच विचारलं होतं.

मतदानाच्या आदल्या सकाळी हेमराज आला. डोळ्यांखाली काळं.

"मी यातून तुला सोडवतो," तो म्हणाला. "आज सभेत सांगतो, मुलीनं बापासाठी केलं. बाप ऑक्सिजनवर होता, तिला राहवलं नाही. लोक समजून घेतील. माया सगळ्यांना कळते. तू फक्त नाही म्हणू नको."

"तसं झालं नाही, भाऊ."

"झालं नसेल. म्हणायला काय जातं?"

"मी बाबांचा फीडर तोडला."

हेमराजला ते ऐकू गेलं, पण समजायला वेळ लागला. "म्हणजे?"

"ठेका जुळवायला ओझं कमी करायचं होतं. पुढचा नंबर सातचा होता. मी तोडला. सोळा मिनिटं."

"तुझी वहिनी म्हणाली लाईट गेली होती. मला वाटलं..." तो खाली बसला. "तुला माहीत होतं तिथे बाबा आहेत?"

"हो."

"आणि तोडलास."

"बॅटरी दीड तासाची होती. मला पाच मिनिटं हवी होती. सात सोडून दुसरा कुठला तोडून भागलं नसतं. आपलं घर आहे म्हणून सोडला असता, तर दुसऱ्या कोणाच्या घरचा गेला असता आणि तरी भागलं नसतं."

"ही क्रमवारी कोणी केली?"

"मी. दोन वर्षांपूर्वी. मंजुरीची सही तुझी आहे."

"मी वाचलं नव्हतं," हेमराज म्हणाला.

"माहीत आहे मला." हर्षलाचा आवाज चढला. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "कोणीच वाचत नाही! तू वाचत नाहीस, ते वाचत नाहीत. आत की बाहेर, आत की बाहेर! अरे, त्या बारा मिनिटांत मला एक माणूस हवा होता 'हो' म्हणणारा. तुम्ही समिती बोलावत होतात, ते नमुना मागत होते. शेवटी मेश्रामांनी वहीत लिहून घेतलं तेवढंच. तोच एक कारभार झाला त्या दिवशी."

हेमराज निघून गेला. त्या दिवशीच्या सभेत त्यानं बापाचं नाव काढलं नाही, बहिणीचंही नाही. वडिलांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. नळी सावरत मारोतराव म्हणाले, "सोळा मिनिटं का? मला वाटलं दहाच झाली." एवढंच. मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं.

बावन्न टक्के मतं बाहेर राहण्याच्या बाजूनं पडली. फटाके फुटले. अठ्ठेचाळीस टक्क्यांनी दारं लावून घेतली.

तीन आठवड्यांनी हेमराज भर दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आला. निलंबन मागे घेतल्याचं पत्र त्यानं ओट्यावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "पळसगावला त्या दिवसासारखं पुन्हा झालं तर काय, हे मला समितीतल्या एकालाही सांगता आलं नाही. ते तुझं अठरा पानांचं आहे ना, ते आणून दे. महासंघाशी मी बोललो. त्यांना 'सभासदत्व' शब्द हवा, आमच्या लोकांना तो नको. दोन्हीकडे तो शब्दच काढून टाकायचं ठरलंय. त्रिवेणीबाईंनी मधे पडून जमवलं."

हर्षलानं कपाटातून टिपण काढलं. आता ते एकवीस पानांचं झालं होतं. हेमराजनं खिशातून पेन काढलं आणि शेवटचं पान उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "बस. पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच."

"हर्षे, मला तीन वाजता —"

"वाच."

तो वाचायला लागला. आकड्यांवर अडखळला, तिनं सांगितलं, पुढे गेला. चौदाव्या पानावर तो थांबला. तिथे लिहिलं होतं, की संकटात ब्रेकर जोडायचा की नाही हे कामावर हजर असलेला अभियंता ठरवेल. अध्यक्षांची परवानगी लागणार नाही. महासंघाचीही नाही. कारणं दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना लेखी द्यायची.

"म्हणजे मला विचारायचंच नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"मी अध्यक्ष आहे, हर्षे."

"बारा मिनिटांसाठी नसशील. बाकी वेळ राहा ना, कोण नाही म्हणतं?"

त्यानं ते कलम पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग पुढचं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकविसावं पान संपायला पाऊण तास लागला. शेवटी त्यानं सही केली. तारीख चुकीची घातली. हर्षलानं ती खोडायला लावली, खोडलं तिथे पुन्हा सही करायला लावली, आणि मगच कागद त्याच्या हातातून घेतला.